उन्हाच्या भरवशावरचं अन्न

अन्नातून विषबाधा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ठरलेली बातमी. वैशाखातलं लग्न, दुपारी दोनची पंगत, पहाटे आटवून ठेवलेली बासुंदी आणि संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर आडवे झालेले वऱ्हाडी. खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या. दुसऱ्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाचे लोक नमुने घेऊन जातात, आचाऱ्याची चौकशी होते, तिसऱ्या दिवशी बहुतेक जण घरी जातात आणि बातमी संपते.

उन्हाळे तापत चालले आहेत, तेव्हा अशा बातम्या वाढणार हे उघड आहे. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० अंशांच्या वर ठेवा, असं नियम सांगतो, कारण मधल्या पट्ट्यात जंतूंची चंगळ असते. मांडवातच पारा चाळिशीच्या पुढे गेला असेल, तर झाकून ठेवलेलं पातेलं आपोआपच जंतूंच्या सोयीचं होतं. युरोपातल्या दहा देशांची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. एका मर्यादेनंतर आठवड्याचं सरासरी तापमान १ अंशाने वाढलं, की साल्मोनेलाचे रुग्ण ५ ते १० टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. हे सगळे घरोघरी फ्रिज असलेले देश. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कची वीज गेली, तेव्हा पुढच्या काही दिवसांत शहरात जुलाबाच्या तक्रारी एकदम वाढल्या. फ्रिजमधलं मांस आणि मासळी वाया जाऊ नये म्हणून लोकांनी ती खाऊन टाकली होती.

हा या प्रश्नाचा दिसणारा भाग. दिसतो म्हणून त्याची मोजदाद होते, आणि दोष द्यायला आचारी समोर असतो. बदलत्या हवामानाचा मोठा घाव मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी बसतो: समुद्रात, शेतात, खळ्यावर, वाळत घातलेल्या मिरचीवर आणि मासळीवर. या घावाने माणूस त्याच रात्री आडवा होतोच असं नाही. कधी महिन्याने होतो, कधी वीस वर्षांनी. त्यामुळे तो बहुतेकदा कोणत्याच रजिस्टरमध्ये चढत नाही.

समुद्रापासून सुरुवात करू, कारण तिथे पुरावा सर्वांत स्वच्छ आहे.

जुलै २००४ मध्ये अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत फिरणाऱ्या पर्यटन बोटींवर पोटदुखी आणि जुलाबांची साथ आली. प्रवाशांनी तिथलीच कच्ची कालवं खाल्ली होती. एकूण ६२ रुग्ण सापडले. दोषी जंतू निघाला व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस, म्हणजे पटकीच्या जंतूचा चुलतभाऊ. तो गरम पाण्यात रमतो. अलास्कासारख्या बर्फाळ मुलखात तो असणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. तोवर ज्या ठिकाणच्या कालवांनी ही बाधा झाल्याची नोंद होती, त्यातल्या सर्वांत उत्तरेकडच्या ठिकाणापासूनही ही जागा १,००० किलोमीटर वर होती. तपास झाला तेव्हा कळलं की १९९७ पासून तिथलं उन्हाळ्यातलं पाणी दरवर्षी सरासरी ०.२१ अंशाने तापत आलं होतं आणि २००४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याचं सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली गेलंच नव्हतं. कालवं विकणाऱ्याने काही गलथानपणा केला होता असं नाही. थंड पाणी हीच त्याची सुरक्षा होती आणि पाणी थंड राहिलं नव्हतं.

या जंतूचा प्रवास आपल्यापासून फार लांबचा नाही. १९५० मध्ये ओसाकात अर्धवट वाळवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसं आजारी पडली आणि २० दगावली, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. १९९६ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयांत त्याचा एक नवा, जोमदार वाण सापडला, आणि वर्षभरात तोच वाण पेरूच्या किनाऱ्यावर दिसला. १९९७ च्या एल निनोने पॅसिफिकमधलं कोमट पाणी तिकडे ढकललं होतं आणि संशोधकांनी त्या वाणाच्या आगमनाचा संबंध त्या पाण्याशी जोडला. जून २०२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या वायव्य भागावर उष्णतेची अभूतपूर्व लाट आली. त्यानंतरच्या जुलैमध्ये एकट्या वॉशिंग्टन राज्यात या जंतूचे ५२ रुग्ण नोंदले गेले, म्हणजे तिथल्या तोवरच्या कोणत्याही जुलैतला उच्चांक.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान १.२ अंशांनी वाढलं. मग कोकणाने घाबरायचं का? कालवांपुरतं तरी फारसं नाही. आपल्याकडे कालवं आणि तिसऱ्या कच्च्या खात नाहीत, आणि हा जंतू चांगल्या शिजवणीत मरतो. कोकणातल्या रश्शाने आजवर किती साथी थोपवल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पण बांगड्याचं काय? बांगडा, तारली आणि कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा पाण्याबाहेर आल्यावर काही तास उबेत राहिला, की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्याएक तासात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांध्या येतात. घरात म्हणतात, पित्त उठलं. कोणी आमसुलाचं सार देतं, कोणी ॲलर्जीची गोळी आणतं, आणि पुन्हा काही बांगडा खाऊ नकोस असं बजावलं जातं. दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीवर जातो. खरा दोष जाळ्यातून काढल्यापासून टोपलीवर बर्फ पडेपर्यंत गेलेल्या वेळेचा असतो. समुद्र आणि हवा दोन्ही तापली, की तेवढ्याच वेळेत जास्त विष तयार होतं. छोट्या होडीवाल्याला जादा बर्फ परवडत नाही आणि हा आजार विषबाधा म्हणून कुठे लिहिलाही जात नाही.

आता जमिनीवर येऊ. आपल्या अन्नाची सुरक्षा शतकानुशतकं थंडाव्यावर उभी नव्हती, ती उन्हावर होती. पाश्चात्त्य पुस्तकांवरून तयार झालेले आपले अन्नसुरक्षेचे धडे सगळे फ्रिजभोवती फिरतात, त्यामुळे ही साधी गोष्ट नजरेतून निसटते. चैत्र-वैशाखात गच्चीवर पसरलेल्या कुरडया-पापड्या, अंगणात लाल सडा पडावा तशी पसरलेली मिरची, वलांडीवर टांगलेले बोंबील, खळ्यावर पडलेली ज्वारीची कणसं, उपटून उलट्या करून ठेवलेल्या भुईमुगाच्या जुड्या, या सगळ्यांना एकच हमी होती: या दिवसांत पाऊस येणार नाही. वळवाची एखादी सर यायची, पण तिचाही एक काळ ठरलेला होता. सलग चार दिवस कडक ऊन मिळालं, की दाण्यातली ओल बुरशी वाढू शकणार नाही इतकी उतरायची. ही यंत्रणा फुकट होती, तिला वीज लागत नव्हती. म्हणूनच तिला यंत्रणा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

ती मोडली की काय होतं, हे पश्चिम भारताने १९७४ मध्ये पाहिलं आहे. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हा भिल्लांचा मुलूख, आणि मका हे तिथलं रोजचं अन्न. आधी दुष्काळाचे दिवस आणि मग कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस. ओली कणसं तशीच घरात साठवली गेली. त्या वर्षीच्या शेवटच्या महिन्यांत गावोगाव लोकांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी साचून पोटं फुगू लागली. ३९७ जण आजारी पडले आणि त्यातले १०६ गेले. तपासाला आलेल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट लक्षणीय वाटली: घरातल्या माणसांबरोबर त्यांच्या ताटातलं खाणारी कुत्रीही अशीच पोट फुगून मेली होती. संसर्गजन्य कावीळ माणसांकडून कुत्र्यांकडे अशी जात नाही. मग संशय मक्यावर गेला आणि मक्यात प्रचंड प्रमाणात अफ्लाटॉक्सिन सापडलं.

अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस जातीच्या बुरशीने तयार केलेलं विष. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीने मेले, तेव्हा ते जगाला माहीत झालं. भाकरी भाजून, उसळ शिजवून ते नष्ट होत नाही. मोठ्या मात्रेत गेलं तर पंचमहालसारखं यकृत महिन्याभरात निकामी करतं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग करतं. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात तो धोका अनेक पटींनी वाढतो. २००४ मध्ये पूर्व केनियात पुन्हा तेच घडलं, ओल्या मक्याने ३१७ आजारी पडले आणि १२५ मेले.

या बुरशीला काय हवं असतं, ते पाहिलं की हवामानाशी असलेलं नातं आपोआप उलगडतं. पीक पाण्याला तहानलेलं असताना, रान तापलेलं असताना ती आत शिरते. भुईमुगात तर शेंगा भरण्याच्या शेवटच्या चार-सहा आठवड्यांत पाण्याचा ताण पडला, की शेंगेची स्वतःची प्रतिकारशक्ती खचते. आणि आत शिरलेल्या बुरशीला पसरायला कापणीनंतरची ओल लागते. म्हणजे आधी लांबलेली उघडीप आणि मग नको तेव्हा पाऊस. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या शेतकऱ्याला गेल्या काही वर्षांचं वर्णन करायला सांगितलं, तर तो नेमके हेच दोन शब्द वापरेल: खंड आणि अवकाळी. कोल यांच्याच चमूने २०१७ मध्ये मांडलं होतं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसाने राज्यभर कापलेल्या पिकाला जागेवरच मोड आणले, ते दृश्य अजून कोणी विसरलेलं नसेल.

ज्वारीची गोष्ट तर आणखी जवळची आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या खेड्यांत पोटात गुरगुरणं, कळा आणि जुलाब अशी साथ दिसली. पाहणी केलेल्या ५० गावांपैकी २७ गावांत ती होती आणि ती फक्त अशा घरांत होती जिथे पावसात भिजून बुरसलेली ज्वारी किंवा मका खाल्ला जात होता. दाण्यात फ्युमोनिसिन नावाचं, दुसऱ्याच बुरशीचं विष निघालं. खाणं थांबवलं की आजार थांबत होता. थांबवणं ज्यांना परवडत होतं, त्यांनी थांबवलं.

इथे जुन्या शहाणपणाला कमी लेखायचं कारण नाही. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली तर कणसावर अरगट येतो आणि दाण्याच्या जागी काळसर गाठी धरतात. अशी बाजरी खाऊन मळमळ, उलट्या आणि गुंगी येते. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागातल्या अशा साथीचा अहवाल १९५८ मध्ये छापून आला होता. त्यावरचा उपाय कृषी विद्यापीठं आजही बियाण्यासाठी सांगतात आणि तो कुणालाही करता येतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं आणि त्यात बाजरी ओतून ढवळायची. अरगटाच्या गाठी हलक्या असतात, त्या वर तरंगतात. त्या काढून जाळायच्या, खाली बसलेली चांगली बाजरी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायची आणि सावलीत वाळवायची. गाठ डोळ्यांना दिसते म्हणून हे जमतं. अफ्लाटॉक्सिनचं असं नाही. वरून गोरापान दिसणाऱ्या शेंगदाण्यातही ते असू शकतं, आणि सुपात कितीही पाखडलं तरी सगळं निघत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हा हवामानाचा दोष की साठवणुकीचा? १९७४ मध्ये कुठे कोणी हवामान बदलाचं नाव घेत होतं? पंचमहालच्या भिल्लाकडे कोरडी कोठी असती तर तो वाचला असता, मग दोष गरिबीला द्यायचा की कर्बवायूला? आक्षेपात तथ्य आहे. कोणताही एक पाऊस, कोणतीही एक बुरसलेली कणगी वातावरण बदलाच्या खात्यावर थेट लिहिता येत नाही. पण जे १९७४ मध्ये अपवाद होतं, ते वारंवार घडू लागलं तर साठवणुकीच्या त्याच उणिवा अधिक जीव घेतील. शिवाय चांगली साठवण म्हणजे काय, हेही हवामानच ठरवतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं हा जमिनीखालच्या साठवणुकीचा नामी नमुना होता. पेव बंद केलं की आतली हवा कोंडते, किडीला श्वास मिळत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत शिरलं. पेव बांधणाऱ्यांची चूक काही नव्हती. त्यांनी त्यांच्या काळातल्या नदीच्या हिशेबाने ती बांधली होती.

आणि फक्त गरिबीच म्हणावं, तर युरोपचं काय? २०१२ च्या उन्हाळ्यात सर्बियात कडक दुष्काळ पडला. मका अफ्लाटॉक्सिनने भरला, तो गुरांनी खाल्ला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दुकानातल्या दुधात विष सापडलं. सरकारने काय केलं? दुधातली मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर नेली. दूध तेच राहिलं, रकाना बदलला. २०१६ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की जग २ अंशांनी तापलं तर दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या मक्यात हे विष ही नेहमीची बाब होईल.

भारतात दुधाची मर्यादा मुळातच ०.५ आहे, म्हणजे युरोपच्या दहापट सैल. तरीही भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने ती ओलांडून गेले. त्याच पाहणीत आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. युरिया आणि डिटर्जंटच्या दुधाचे व्हिडिओ फिरवणाऱ्या समाजाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत. विष दुधात ओतलं जात नाही. ते सरकी पेंडीतून, बुरसलेल्या मक्याच्या भरड्यातून, पावसात भिजलेल्या कडब्यातून गाईच्या पोटात जातं. लाकडी घाण्याच्या तेलाची सध्याची भक्तीही इथे थोडी तपासून घ्यावी. रिफायनरीतल्या क्षारांच्या प्रक्रियेत अफ्लाटॉक्सिन बहुतांश निघून जातं. घाण्यात ते होत नाही. तिथे तेल चांगलं हवं तर दाणाच चांगला असावा लागतो, आणि घाण्यासमोर रांग लावणारा दाण्याची चौकशी क्वचितच करतो.

निवडून काढलेला उत्तम शेंगदाणा बाहेर जातो, कारण युरोप खाण्यास तयार शेंगदाण्यात किलोमागे ४ मायक्रोग्रॅमच्या वर अफ्लाटॉक्सिन चालवून घेत नाही आणि खेप परत पाठवतो. आपल्याकडे धान्याची मर्यादा १५ आहे. ती कागदावर वाईट नाही, पण मोंढ्यात मोजतो कोण? तिथे ओलावा मोजतात तो भाव पाडण्यासाठी. एप्रिल २०२३ मध्ये अवकाळीने गहू भिजला, तेव्हा केंद्राने काही राज्यांत खरेदीचे निकष सैल केले: चमक गेलेला, सुरकुतलेला दाणाही घ्यावा, असं ठरलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं, आणि चमक गेलेला गहू विषारी असतो असंही नाही. पण हे सगळे निकष डोळ्यांनी पाहण्याचे आहेत, आणि या विषाला रंग नाही, वास नाही.

उपाय नाहीत असं नाही. आफ्रिकेत शेतकऱ्यांना एक बिनखर्चाची चाचणी शिकवतात: कोरड्या बरणीत कोरडं मीठ आणि मका घालून हलवायचं, थोडा वेळ ठेवायचं, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन स्वस्तात तपासण्याचा संच कधीच तयार केला आहे. गावातल्या शेतकरी कंपनीकडे ट्रॅक्टरवर चालणारा एखादा ड्रायर असेल, तर ऑक्टोबरच्या पावसात ताडपत्री धरून उभं राहण्याची वेळ येणार नाही. पीक विम्याच्या राष्ट्रीय योजनेत कापून पसरलेल्या पिकाचं १४ दिवसांपर्यंतचं नुकसान धरण्याची तरतूद आहे, ही चांगली सुरुवात आहे. फक्त पंचनामा क्षेत्र आणि टक्के विचारून थांबतो. नुकसान झालेला माल गेला कुठे, हे तो विचारत नाही. कागदोपत्री गेलेलं पीक प्रत्यक्षात कोणाच्या तरी पोटात जातं: काही पडत्या भावात पशुखाद्याला, काही कोंबड्यांना, आणि विकलंच गेलं नाही ते घरच्या भाकरीला.

हा खराब माल सरकारने हमीने विकत घेऊन खाण्याच्या साखळीतून बाहेर काढावा, ही मागणी पुढची पायरी ठरते, आणि तिच्यासाठी दारही उघडं दिसतं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खाण्यास अयोग्य झालेल्या धान्यापासून इथेनॉल करायला परवानगी दिली आहे आणि मक्याच्या इथेनॉलचे प्रकल्प झपाट्याने उभे राहत आहेत. अडचण एवढीच, की मद्यार्कात अफ्लाटॉक्सिन जात नाही, ते चोथ्यात उरतं. धान्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे उरलेल्या चोथ्यात त्याचं प्रमाण मूळ दाण्याच्या सुमारे तिप्पट होतं. डीडीजीएस या नावाने तो चोथा पशुखाद्याच्या पोत्यात भरला जातो आणि स्वस्त प्रथिन म्हणून गोठ्यात पोहोचतो. प्रकल्पाच्या जनसुनावणीत पाणी किती लागणार आणि वास किती येणार यावर खडाजंगी होते. चोथ्याची प्रत्येक खेप कोण तपासणार आणि मर्यादेबाहेरची कुठे जाळणार, हा प्रश्न गावाने त्याच सुनावणीत विचारायला हवा आणि परवान्याच्या अटींत लिहून घ्यायला हवा.